जांघेच्या हर्नियाची दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया आणि तिचे निकाल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जांघेच्या हर्नियाची शस्त्रक्रिया ठरलेले, नुकतीच झालेले आणि वर्षानुवर्षे ती टाळत आलेले रुग्ण जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे प्रौढांना लागू आहेत. लहान मुलांचा विषय वेगळा असून तो प्रश्न १५ मध्ये आहे. जिथे एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध येतो, तिथे पुनरुक्ती न करता त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. जांघेचा हर्निया म्हणजे नेमके काय? तो गोळ्यांनी किंवा पट्ट्याने बरा होतो का?

पोटाच्या भिंतीत जांघेजवळ जन्मतःच काही कमजोर जागा असतात. तेथून पोटाचे आतले अस्तर आणि त्याबरोबर चरबी किंवा आतडे बाहेर डोकावू लागले, की त्याला हर्निया म्हणतात. उभे राहिल्यावर किंवा खोकल्यावर फुगवटा दिसतो आणि आडवे झाल्यावर बहुधा तो आत जातो. पुरुषांमध्ये वृषण ज्या वाटेने पोटातून खाली उतरते, ती वाट हा मुळातच कच्चा दुवा असतो; म्हणूनच आयुष्यभरात हा आजार होण्याची शक्यता पुरुषांमध्ये सुमारे २७ टक्के, तर स्त्रियांमध्ये सुमारे ३ टक्के धरली जाते. पडलेले भोक कोणत्याही गोळीने बुजत नाही. पट्टा फुगवटा दाबून धरतो, एवढेच. तो काढला की स्थिती जैसे थे.

२. मला काहीच दुखत नाही. तरी ऑपरेशन लगेच करून घ्यायलाच हवे का?

पुरुष असाल आणि त्रास नसेल किंवा अगदी किरकोळ असेल, तर थांबणे सुरक्षित आहे. अमेरिकेत ७२० पुरुषांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निम्म्यांची शस्त्रक्रिया केली गेली आणि उरलेल्यांना नुसते देखरेखीखाली ठेवले गेले. थांबलेल्यांमध्ये हर्निया अचानक अडकण्याचे (प्रश्न १६) प्रमाण दर १००० रुग्णांमागे वर्षाला २ पेक्षाही कमी होते. मात्र याच गटातील सुमारे २३ टक्के लोकांनी दोन वर्षांच्या आत आणि सुमारे ६८ टक्के लोकांनी दहा वर्षांत शस्त्रक्रिया करून घेतली, आणि त्यामागचे मुख्य कारण वाढलेले दुखणे हेच होते. म्हणजे थांबल्याने धोका फारसा वाढत नाही, पण बहुतेकांची शस्त्रक्रिया टळतही नाही, ती पुढे ढकलली जाते. हा हिशेब स्त्रियांना लागू होत नाही; त्याचे कारण प्रश्न १० मध्ये आहे.

३. दुर्बिणीने नेमके काय करतात? 'टॅप' आणि 'टेप' यांत फरक काय?

पारंपरिक उघड्या शस्त्रक्रियेत जांघेवर छेद घेऊन बाहेरच्या बाजूने भोकावर कृत्रिम जाळी शिवली जाते. दुर्बिणीच्या पद्धतीत बहुधा तीन लहान छिद्रांतून काम होते आणि जाळी आतल्या बाजूने, म्हणजे पोटाचे अस्तर आणि स्नायू यांच्यामध्ये, बसवली जाते. फुटक्या टाकीला बाहेरून ठिगळ लावणे आणि आतून लावणे यांत जो फरक आहे, तोच येथे आहे: आतल्या ठिगळाला पाण्याचा दाब स्वतःच भिंतीशी चिकटवून धरतो.

पडद्यावर हे काम पाहणाऱ्याला आधी फक्त पातळ, चकचकीत अस्तर दिसते. ते हलक्या हाताने सोडवत नेले, की मधल्या बाजूला जघनास्थीची पांढरी कड उघडी पडते आणि बाहेरच्या बाजूला पायाकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेचा निळसर पट्टा दिसू लागतो. एवढी जागा मोकळी झाल्यावरच किमान १० बाय १५ सेंटीमीटरची जाळी सुरळी करून छिद्रातून आत सोडतात आणि आत उलगडतात. जांघेत हर्निया होऊ शकणाऱ्या तिन्ही जागा एकाच जाळीखाली झाकल्या जातात, हा या पद्धतीचा खरा फायदा आहे. लहान छिद्रे हा त्यामानाने दुय्यम.

'टॅप'मध्ये दुर्बीण थेट पोटात जाते, अस्तर आतून उघडले जाते आणि जाळी बसवून झाल्यावर ते पुन्हा शिवले जाते. 'टेप'मध्ये पोटात न शिरता अस्तराच्या बाहेरूनच वाट काढतात. दोन्हींचे निकाल जवळजवळ सारखेच आहेत, त्यामुळे सर्जनला जी पद्धत अंगवळणी पडली आहे ती निवडणे श्रेयस्कर.

४. उघड्या शस्त्रक्रियेपेक्षा दुर्बिणीचे निकाल खरोखर चांगले असतात का?

काही बाबतींत होय, काही बाबतींत नाही. ४१ चाचण्यांमधील सात हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र करून २००३ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेने केलेल्या आढाव्यात असे दिसले, की दुर्बिणीनंतर लोक नेहमीच्या कामाला सरासरी सात दिवस आधी लागतात आणि दीर्घकाळ टिकणारे दुखणे व बधिरपणा कमी असतो. शस्त्रक्रियेला मात्र सरासरी पंधरा मिनिटे अधिक लागतात, आणि मूत्राशय, आतडे किंवा मोठी रक्तवाहिनी यांना इजा होण्याचे प्रमाण, अत्यल्प असले तरी, उघड्या शस्त्रक्रियेपेक्षा जास्त दिसले. जाळी वापरलेल्या उघड्या शस्त्रक्रियेच्या तुलनेत हर्निया परत होण्याच्या प्रमाणात या आढाव्यात स्पष्ट फरक आढळला नाही.

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांची भूमिकाही अशीच संयत आहे: प्रौढांमध्ये सर्वसाधारणपणे जाळी वापरावी आणि सर्जनकडे त्या पद्धतीचा पुरेसा अनुभव असेल तर दुर्बिणीचा मार्ग घ्यावा. या वाक्यातील 'अनुभव असेल तर' हे शब्द जाहिरातींत सहसा गळून पडतात.

५. दुर्बिणीनंतर हर्निया परत होण्याचे प्रमाण १० टक्के असल्याचे मी वाचले. हे खरे आहे का?

तो आकडा खरा आहे, पण अर्धवट सांगितला जातो. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दोन वर्षांनी दुर्बिणीच्या गटात १०.१ टक्के, तर उघड्या गटात ४.९ टक्के रुग्णांचा हर्निया परत आला होता. त्याच चाचणीत, ज्या सर्जननी अशा २५० पेक्षा अधिक शस्त्रक्रिया आधी केल्या होत्या, त्यांच्या रुग्णांमध्ये हे प्रमाण सुमारे ५ टक्क्यांवर आले आणि दोन पद्धतींमधील फरक जवळजवळ नाहीसा झाला.

स्वीडनमध्ये दीड हजारांहून अधिक पुरुषांवर झालेली चाचणी याहून बोलकी आहे. तिथे पाच वर्षांनी 'टेप'च्या गटात ३.५ टक्के आणि उघड्या गटात १.२ टक्के हर्निया परत आले. पण दुर्बिणीच्या गटातील परत आलेल्या हर्नियांपैकी एक तृतीयांश हर्निया एकट्या एका सर्जनच्या खात्यावर होते. त्यांना वगळून मोजल्यावर प्रमाण २.४ टक्क्यांवर आले आणि दोन गटांतील फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. एका माणसाच्या हाताने अख्ख्या पद्धतीची बदनामी किंवा भलामण होऊ शकते, हे ध्यानात ठेवूनच असे आकडे वाचावेत.

हर्निया लवकर परत येण्याची कारणे बहुधा तांत्रिक असतात. जाळी लहान पडते. अस्तर पुरेसे खालपर्यंत सोडवलेले नसते. शुक्ररज्जूलगतची (वृषणाकडे जाणाऱ्या नळ्या-शिरांच्या जुडग्यालगतची) चरबीची गाठ नजरेआड होऊन तशीच राहते. किंवा जाळीची खालची कड दुमडली जाते आणि जागा फुगवण्यासाठी भरलेली हवा (कार्बन डायऑक्साइड) काढून घेताना पोटाचे अस्तर त्या दुमडीखाली सरकते. हा शेवटचा प्रकार दोन-चार सेकंदांचा असतो आणि म्हणूनच अनुभवी सर्जन हवा सोडताना कडेवरची नजर काढत नाहीत. ही पद्धत हातात बसण्यासाठी देखरेखीखाली साधारण ५० ते १०० शस्त्रक्रिया कराव्या लागतात, असे मानले जाते.

६. मग सर्जनला नेमके काय विचारावे?

'दुर्बिणीने करता का' हा प्रश्न पुरेसा नाही. याच पद्धतीच्या किती शस्त्रक्रिया केल्या आहेत, वर्षाला किती होतात, आपल्या रुग्णांचा हर्निया परत आल्याचे किंवा दुखणे राहिल्याचे ते कसे समजून घेतात आणि मध्येच अडचण आली तर पुढे काय करतात, हे विचारावे. उघडी शस्त्रक्रियाही चांगली येणारा सर्जन अधिक विश्वासाचा, कारण त्याला प्रत्येक रुग्ण एकाच साच्यात बसवावा लागत नाही. हे प्रश्न विचारल्याने कोणी दुखावले, तर तेही एक उत्तरच आहे.

७. ऑपरेशननंतर जांघेत कायमचे दुखत राहते असे ऐकले आहे. दुर्बिणीत ही भीती नाही ना?

भीती कमी आहे, शून्य नाही. शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या वेदनेला दीर्घकालीन वेदना म्हणतात. सर्व पद्धती मिळून १० ते १२ टक्के रुग्णांना ती कमी-अधिक जाणवते. रोजच्या व्यवहारात अडथळा आणणारी तीव्र वेदना त्याहून पुष्कळ कमी जणांना होते. प्रश्न ५ मधील स्वीडिश चाचणीत पाच वर्षांनी काही ना काही दुखत असल्याचे दुर्बिणीच्या गटातील ९.४ टक्के आणि उघड्या गटातील १८.८ टक्के लोकांनी सांगितले. मध्यम किंवा तीव्र वेदना मात्र अनुक्रमे १.९ आणि ३.५ टक्के लोकांना होती, आणि हा फरक निर्णायक म्हणावा इतका ठाम नव्हता.

कारण मुख्यतः मज्जातंतूंचे आहे. उघड्या शस्त्रक्रियेत जांघेतले तीन मज्जातंतू वाटेतच भेटतात. दुर्बिणीत त्यांना फारसा हात लागत नाही, पण बाहेरच्या व खालच्या बाजूला मांडीकडे जाणारे मज्जातंतू असतात. त्या भागात जाळी पक्की करण्यासाठी टॅकर (बारीक खिळा) मारला, तर मांडीत आग होणे, मुंग्या येणे असा चिवट त्रास मागे लागू शकतो. म्हणून तिथे टॅकर मारू नयेत असा दंडक आहे. बहुतेक लहान-मध्यम हर्नियांत 'टेप' करताना जाळी खिळवण्याची गरजच नसते.

ही वेदना तरुणांत, स्त्रियांत आणि शस्त्रक्रियेपूर्वीच खूप दुखत असलेल्यांत अधिक आढळते. येथे एक सावधगिरी महत्त्वाची वाटते. जांघ दुखते, हाताला काहीच लागत नाही, आणि सोनोग्राफीत लहानसा हर्निया दिसतो, अशा वेळी दुखण्याचे मूळ खुबा, कंबर किंवा स्नायूंत नाही ना, हे आधी तपासावे. तसे ते असेल, तर उत्तम शस्त्रक्रियेनंतरही दुखणे जागचे हलणार नाही.

८. पाचव्या दिवशी त्याच जागी पुन्हा गाठ आली आहे. सगळे फुकट गेले का?

बहुधा नाही. हर्निया जिथून काढला ती पोकळी काही दिवस रिकामी राहते आणि तिच्यात शरीरातले पाणी साचते. याला सेरोमा म्हणतात. मोठ्या हर्नियानंतर तो हमखास दिसतो आणि आरशासमोर उभ्या असलेल्या रुग्णाचा धीर सुटतो. फरक हाताने ओळखता येतो: सेरोमा खोकल्यावर वाढत नाही, आडवे झाल्यावर आत जात नाही आणि फारसा दुखत नाही. सहसा सहा ते आठ आठवड्यांत तो आपोआप विरतो. सुईने पाणी काढण्याचा मोह टाळावा, कारण सुईबरोबर जंतू थेट जाळीपर्यंत पोहोचू शकतात.

अंडकोषावर निळे-जांभळे वण, हलकी सूज, पोटाच्या त्वचेखाली दाबल्यावर चुरचुर किंवा एक-दोन दिवस खांदा दुखणे, हेही शस्त्रक्रियेत भरलेल्या कार्बन डायऑक्साइड वायूचे व थोड्या रक्तस्रावाचे परिणाम असून ते ओसरतात. ताप, वाढती लाली, सतत उलट्या, पोट फुगणे, लघवी अजिबात न होणे किंवा वृषणात तीव्र वेदना यांपैकी काही असेल, तर मात्र वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

९. कामावर कधी जाता येईल? वजन कधी उचलावे? गाडी?

सहा आठवडे काहीही उचलू नका, हा सल्ला टाक्यांच्या ताणावर भिस्त असलेल्या जुन्या शस्त्रक्रियांच्या काळातला आहे आणि सवयीने अजून दिला जातो. आंतरराष्ट्रीय तत्त्वांनुसार वेगळी बंधने घालण्याची गरज नाही. दुखणे सोसेल त्या बेताने तीन ते पाच दिवसांत नेहमीच्या हालचाली सुरू कराव्यात. प्रश्न ३ मध्ये सांगितल्याप्रमाणे पोटातला दाब जाळीला भिंतीशीच दाबून धरतो. बैठे काम आठवड्याभरात, अवजड काम त्यानंतर टप्प्याटप्प्याने, असे बहुतेकांना जमते. वाहन चालवण्यापूर्वी जोरात ब्रेक दाबताना पाय कचरत नाही ना, हे पाहावे. वेदनाशामक औषधाची गुंगी असताना चालवू नये. मोठा हर्निया असेल, तर सर्जनने दिलेली मुदत पाळावी.

१०. स्त्रियांनाही हा हर्निया होतो का? त्यांच्यासाठी काही वेगळे असते का?

होतो, आणि वेगळेपण महत्त्वाचे आहे. स्त्रियांमध्ये जांघेच्या थोडे खाली होणारा फेमोरल हर्निया पुरुषांच्या तुलनेत अधिक आढळतो. त्याचे तोंड अरुंद असल्याने तो अडकण्याची शक्यता बरीच जास्त असते. बाहेरून तपासताना तो आणि नेहमीचा हर्निया यांत गल्लत होते आणि उघड्या शस्त्रक्रियेत तो नजरेतून सुटू शकतो. दुर्बिणीतून तिन्ही जागा एकाच वेळी दिसतात, म्हणून स्त्रियांसाठी हाच मार्ग शिफारसीत पहिला आहे आणि थांबण्याचा सल्ला सहसा दिला जात नाही.

गरोदरपण हा अपवाद. त्या काळात जांघेत येणारा फुगवटा पुष्कळदा हर्निया नसून फुगलेल्या शिरा असतात आणि त्या बाळंतपणानंतर बसतात. सोनोग्राफी करून खात्री करावी.

११. जाळी आयुष्यभर शरीरात राहते. तिचा पुढे त्रास होतो का? कर्करोग, वंध्यत्व?

बहुतेक जाळ्या पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकच्या असतात. काही आठवड्यांत शरीराचे तंतू तिच्या छिद्रांतून वाढतात आणि ती भिंतीचा भाग होऊन जाते. तिच्यामुळे कर्करोग होतो असे दिसून आलेले नाही, आणि पुरुषांची प्रजननक्षमता कमी होते असाही निष्कर्ष निघालेला नाही. शुक्रवाहिनीला प्रत्यक्ष इजा होणे ही फार विरळ घटना आहे. जाळीत जंतुसंसर्ग दुर्बिणीनंतर क्वचितच होतो. बातम्यांत गाजलेले खटले मोठ्या प्रमाणात योनीमार्गे बसवल्या जाणाऱ्या जाळ्यांबद्दलचे होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये अंग बाहेर येण्यावरील त्या जाळ्यांची विक्री थांबवली. तो विषय आणि हा विषय एक नव्हे.

एक बाब खरी आहे: या जाळीमुळे मूत्राशयाजवळच्या जागेत चिकटपणा येतो आणि पुढे प्रोस्टेटच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया करावी लागली, तर ती किचकट होते. प्रोस्टेटची तपासणी चालू असेल, तर हर्नियाच्या सर्जनला आधीच सांगावे.

१२. कोणासाठी दुर्बीण योग्य नाही?

हृदय किंवा फुप्फुसांच्या गंभीर आजारामुळे पूर्ण भूल धोक्याची असलेल्यांसाठी केवळ ती जागा बधिर करून केलेली उघडी शस्त्रक्रिया हा आजही उत्तम पर्याय आहे आणि त्यात कमीपणा काहीच नाही. पूर्वी प्रोस्टेटची मोठी शस्त्रक्रिया किंवा ओटीपोटावर किरणोपचार झालेले असल्यास आतली जागा मोकळी होत नाही. अंडकोषात उतरलेला प्रचंड हर्निया किंवा पोटात साचलेले पाणी असेल, तरही विचार करावा लागतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर त्या कधी थांबवायच्या हे हृदयरोगतज्ज्ञ आणि सर्जन यांनी मिळून ठरवायचे असते. स्वतः बंद करू नयेत.

१३. दोन्ही बाजूंना हर्निया आहे. एकदमच करावे का?

होय, दुर्बिणीचा लाभ सर्वांत ठळक दिसतो तो येथेच, कारण त्याच तीन छिद्रांतून दोन्ही बाजू होतात. एका बाजूसाठी 'टॅप' करताना दुसऱ्या बाजूला न जाणवलेला हर्निया दिसला तर काय करायचे, हे संमतिपत्रावर सही करण्याआधीच बोलून घ्यावे.

१४. रोबोटने केले तर निकाल आणखी चांगले लागतात का?

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १०२ रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत रोबोट आणि नेहमीची दुर्बीण यांची तुलना झाली. वेदना, गुंतागुंती किंवा कामावर परतणे यांत फायदा आढळला नाही; वेळ आणि खर्च मात्र वाढला. साध्या, एका बाजूच्या पहिल्या हर्नियासाठी रोबोटचा आग्रह धरण्याचे कारण दिसत नाही.

१५. माझ्या दोन वर्षांच्या मुलालाही हर्निया आहे. त्यालाही जाळी बसवतील का?

नाही. मुलांमध्ये भिंत कमजोर नसते, तर जन्मापूर्वी बंद व्हायची पिशवी उघडी राहिलेली असते. ती बांधली की काम झाले; हे उघड्या पद्धतीने किंवा दुर्बिणीने करता येते. मुलांमध्ये वाट पाहण्याचा सल्ला मात्र दिला जात नाही, आणि वय जितके कमी, तितकी अडकण्याची शक्यता अधिक.

१६. हर्निया अडकला आहे आणि आत जात नाही. अशा वेळी दुर्बीण चालते का?

अचानक कडक झालेला, दुखणारा, आत न जाणारा फुगवटा आणि त्याबरोबर उलट्या, ही तातडीची स्थिती आहे. तो दाबून बसवण्याचे प्रयत्न घरी करू नयेत. अनुभवी सर्जन अशा वेळीही दुर्बीण वापरू शकतात. तिचा एक उपयोग असा, की अडकलेले आतडे सोडवल्यावर ते पुन्हा गुलाबी होते की काळेच राहते, हे काही मिनिटे थांबून प्रत्यक्ष पाहता येते. आतडे मेलेले असेल, तर तो भाग कापावा लागतो, आणि जाळी वापरावी की नाही याचा निर्णय तिथली अस्वच्छता पाहून घेतला जातो.

१७. माझे आधी ऑपरेशन झाले होते आणि हर्निया परत आला आहे. आता कोणत्या मार्गाने करावे?

साधा नियम असा: पहिली शस्त्रक्रिया ज्या बाजूने झाली, तिच्या उलट बाजूने दुसरी करावी. पहिली उघडी असेल, तर पुढच्या भागात व्रणांचे जाळे असते आणि मागची जागा कोरी असते, म्हणून दुर्बीण. पहिली दुर्बिणीने असेल, तर उघडी. जुना कागद सापडत नसला, तरी जांघेवरचा तिरका व्रण किंवा बेंबीजवळची लहान खूण पुष्कळ काही सांगून जाते.

दोन्ही मार्गांनी शस्त्रक्रिया होऊनही हर्निया परत आला असेल, तर हा नियम संपतो. तेव्हा फक्त हर्नियाचेच काम करणाऱ्या तज्ज्ञाकडे जावे, जाण्यापूर्वी आधीच्या दोन्ही शस्त्रक्रियांच्या नोंदी मिळवाव्यात आणि त्रास नसेल, तर प्रश्न २ चे उत्तर पुन्हा वाचावे.